झाकण लावलेली विहीर

लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात दयानंद सर वाणिज्य शिकवत. शिकवत म्हणजे फळाभर लिहीत आणि पोरं मोबाइलवर त्याचा फोटो काढत. सरांचं खरं शिकवणं चाले ते रविवारी सकाळी, वाचनालयाच्या ओसरीवर. तिथं दहा-बारा निवृत्त माणसं सतरंजीवर बसत आणि चार पैसे कुठं घालावेत म्हणजे म्हातारपण सुखात जाईल, हे सर त्यांना सांगत. फुकट सांगत. सरांनी स्वतःचे पैसे कुठं घातलेत, हे मात्र कुणी विचारत नसे आणि ते बरंच होतं. एकदा त्यांनी इमू पाळणाऱ्या एका कंपनीत पैसे घातले होते. त्या पक्ष्यांचं पुढं काय झालं, ते सरांना अजून कळलेलं नाही. एकदा सागवानाच्या रोपांत घातले, तर ती रोपं नेमकी कुठल्या गावात लावलीत, हेच कंपनीनं सांगितलं नाही. हे सगळं आता सर स्वतःच रंगवून सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या आधी हसतात. पण २०१६ साली त्यांना हसू येत नसे. त्या साली त्यांना दूरचं दिसायला लागलं होतं.

मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो हा उन्हाळा. सरांच्या घरात त्या वेळी माणसं दोन आणि ड्रम नऊ होते. पाहुणा आला की ड्रमवर पाट टाकून त्याला बसवायचं. अंघोळ परातीत करायची, त्या पाण्यानं फरशी पुसायची आणि पुसलेलं पाणी संडासात टाकायचं. हा सगळा कारभार शिल्पाताईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, बिनबोभाट सांभाळला होता. पाण्याची गाडी आली त्या दिवशी सर मुद्दाम बघायला गेले. लोक गाडीला हात जोडत होते, फोटो काढत होते. सर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांच्या मनात विचार आला: आज पाणी गाडीत बसून येतंय, उद्या ते सोन्याच्या भावानं विकलं जाईल. तेव्हा सोनं कशाला घ्यायचं? पाणीच घेऊन ठेवावं.

पुढच्या रविवारी त्यांनी ओसरीवर तोच विषय काढला. "पोरीला स्थळ बघताना आपण घर बघतो, नोकरी बघतो, शेती बघतो. घरची विहीर बघतो का? जमीन घेताना रस्ता बघतो, वास्तू बघतो. खालचं पाणी बघतो का? वीस वर्षांनी ज्याच्याकडं पाणी, तोच सावकार!"

सिद्रामप्पा पुढच्या रांगेत बसले होते. उदगीरला त्यांचं कापडाचं दुकान होतं; ते पोराच्या ताब्यात देऊन आता ते लातुरात राहत. माणूस कमी बोलणारा. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ते बरोबर हाय सर. पण तुमी घेतलाव का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. सर म्हणाले, "बोलणं चालू आहे." बोलणं कुणाशीच चालू नव्हतं. त्या संध्याकाळपासून मात्र सरांना ते चालू करावं लागलं.

महिन्याभरात कंधारजवळच्या एका वस्तीवर तीस गुंठे रान मिळालं. रान म्हणजे मुरूम आणि बोराट्या. पण मधोमध विहीर होती, दगडी बांधणीची, पन्नास फूट खोल. एका अंगानं पायऱ्या, वर वाकलेलं लिंबाचं झाड. रानाचे मालक शेषेराव सत्तरीचे होते. पोरानं नांदेडला औषधांचं दुकान टाकलं होतं, नातवंडं तिकडंच शिकत होती. म्हाताऱ्यानं एकटं इथं राहून काय करायचं, म्हणून ते विकून निघाले होते. ऐन मे महिना, लातुरात थेंबाथेंबासाठी मारामारी, आणि इथं सरांनी आत वाकून बघितलं तर दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढं पाणी! तळातला खडान् खडा दिसत होता. एक म्हातारी रहाटावर पोहरा ओढत होती.

"आटते का हो ही कधी?" सरांनी विचारलं.

"म्या तरी बघितली न्हाई," शेषेराव म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव हितं प्यालं. फकस्त एक हाय सर. वस्तीवरची सा घरं हितलं पाणी भरतेत. तेवढं चालू ठेवा. हिरीला उपसा लागतो."

"हो हो," सर म्हणाले. पुढं कधी सर ही गोष्ट सांगताना इथं थांबतात आणि म्हणतात, माणसाला दोन कान दिलेत, पण मला त्या दिवशी एकच चालू होता. 'आटत नाही' हे आत गेलं आणि 'उपसा लागतो' हे लिंबावरच्या कावळ्यानं ऐकलं.

शिल्पाताईंना नव्या ओट्याचं वचन दिलं होतं, ते पैसे विहिरीत गेले. कागद झाल्यावर सर वही घेऊन विहिरीच्या काठावर बसले. उन्हानं किती पाणी उडून जातं, सहा घरं रोज किती घागरी नेतात, वर्षाचे किती होतात, दहा वर्षांचे किती, हे सगळं त्यांनी मांडलं. आकडा बघून त्यांना धडकीच भरली. त्यांचं पाणी दिवसाढवळ्या चाललं होतं! दुसऱ्या आठवड्यात कंधारहून वेल्डर आला आणि विहिरीच्या तोंडावर लोखंडी चौकट बसवून त्यावर जाड पत्रा ठोकला. पत्र्याला हातभर रुंदीचं दार ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं. शिवाय एका कोपऱ्यात रुपयाएवढं भोक. ते कशासाठी, हे पुढं येईल.

वेल्डिंग चालू असताना ती म्हातारी रिकामी घागर घेऊन आली. तिचं नाव केवळाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरगी माहूरकडं दिलेली. दोन शेळ्या आणि ती, एवढंच घर. ती ठिणग्यांकडं थोडा वेळ बघत राहिली.

"हे काय करून राहिलाव, सर?"

"मावशी, हे पाणी आपण राखून ठेवतोय. पुढं दिवस वाईट येणार आहेत. आज वाचवलं तर उद्या कामाला येईल."

"कुणाच्या?"

सर म्हणाले, "हा दीर्घ मुदतीचा विचार आहे, मावशी."

"आन तवर आमी काय प्यावं?"

"गावात नळयोजना आहे ना?"

"नळ हाय. नळाला पाणी न्हाई." तिनं घागर खाकोटीला मारली. जाता जाता पत्र्यावर हात फिरवून म्हणाली, "पाणी म्हंजी काय लोणचं हाय व्हय लेकरा? झाकून ठिवलं की मुरंल?"

वेल्डर फिस्सकन हसला. सरांनी त्याच्याकडं रागानं बघितलं, तर त्यानं काळा चष्मा खाली ओढला.

त्या साली पाऊस भरपूर झाला. सप्टेंबरात लातूरच्या नळांना पुन्हा पाणी आलं, ड्रम गच्चीवर गेले आणि लोक सगळं विसरले. सर विसरले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत ते मोटारसायकलवर कंधारला गेले, पत्र्यावर उकिडवे बसले आणि भोकातून एक खडा आत टाकला. 'डुबुक'. अहाहा! त्या आवाजानं त्यांना जे सुख झालं, ते पगाराच्या मेसेजनं कधी झालं नव्हतं. घरी येऊन त्यांनी शिल्पाताईंना सांगितलं, "आपलं पाणी जागेवर आहे."

"हंडाभर आणलंत का?"

"ते आणायचं नसतं."

"मग बघायचं तरी कशाला असतं?" असं म्हणून त्या जुन्या ओट्यावर कणीक मळायला लागल्या.

दर दिवाळीला सर जात, खडा टाकत, 'डुबुक' ऐकत आणि परत येत. उन्हाळ्यात मात्र कधी जाणं होत नसे. पेपर तपासायचे असत आणि ऊनही फार. वस्तीवर काय काय होतं, ते त्यांना दिसत होतं. पहिल्याच वर्षी शेजारच्या सटवाजीनं बांधाला लागून बोर पाडला, विहिरीपासून चाळीस पावलांवर. पुढच्या वर्षी त्याच्या चुलत्यानं पाडला. मग आणखी दोन झाले. सरांना बरंच वाटलं. ओसरीवर त्यांनी सांगितलंसुद्धा, की लोकांनी आपापली सोय केली, आता आपल्या विहिरीवरचा भार गेला. वाणिज्याच्या पुस्तकात गुंतवणुकीच्या जोखमीवर अख्खा धडा आहे. तो सरांनी एकवीस वर्षं शिकवला होता, वाचला मात्र नव्हता.

अशी आठ वर्षं गेली. २०२३ला पाऊस दगा देऊन गेला आणि २०२४च्या मेमध्ये लातुरात ड्रम पुन्हा गच्चीवरून खाली आले. आता ओसरीवर तीस माणसं येऊ लागली. ज्यांनी प्लॉट घेतले, सोनं घेतलं, ते सरांच्या विहिरीविषयी आदरानं विचारू लागले. सिद्रामप्पा म्हणाले, "सर, एकदा दावा तरी आमाला." सरांना तेच हवं होतं. एक जीप ठरली. सरांबरोबर सात जण निघाले. सिद्रामप्पांनी नारळ घेतला, कुणी हार घेतला, सरांनी अहमदपूरला थांबून दोन किलो पेढे घेतले. वाटेत लोहा येईपर्यंत सर अखंड बोलत होते. त्या दिवशी ते इतके छान बोलले, की आपलं बोलणं ऐकून त्यांना स्वतःलाच आणखी एक विहीर घ्यावीशी वाटली.

वस्तीवर पोचले तेव्हा अकरा वाजले होते. पत्रा तव्यासारखा तापलेला. मंडळी लिंबाच्या सावलीत उभी राहिली. सटवाजी आपल्या बांधावरून बघत होता. केवळाबाई आणि आणखी चार-पाच बाया रिकामे हंडे रांगेत मांडून रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. त्या कशासाठी बसल्यात, हे सरांनी विचारलं नाही.

"आधी आवाज ऐका," सर म्हणाले. त्यांनी खडा घेतला, भोकात धरला आणि सोडला.

टक्.

सरांनी दुसरा टाकला. टक्, टक्, टुक.

"पाणी फार खोल आहे," सर म्हणाले.

सिद्रामप्पांनी मान तिरकी केली. "सर, दगडावर दगड पडला की असा आवाज येतो हो."

कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरेना. सटवाजी हातोडा घेऊन आला आणि दोन घावांत त्यानं ते तोडलं. दार वर उचललं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा ऊन सरळ तळापर्यंत गेलं. सात जणांनी एकदम वाकून बघितलं. तळात काळा गाळ होता, वरच्या अंगाला सुकून तडकलेला. त्यावर लिंबाचा पाला, एक तुटका पोहरा, कुणाची तरी एक चप्पल आणि सरांनी आठ दिवाळ्या टाकलेले खडे. पत्र्याच्या कडेच्या फटीतून कधीतरी आत शिरलेला एक पारवा कपारीतून फडफडत वर आला आणि सरांच्या कानाजवळून निघून गेला.

सर सांगतात, की त्या वेळी मला दुःख झालं नाही. दुःखाला वेळच नव्हता. आता चेहरा कसा ठेवावा, याच विचारात मी होतो. पेढ्यांचा पुडा हातात होता, तो मागं लपवावा की काय, असंही वाटून गेलं. आणि मग अशा वेळी शिकलेला माणूस जे करतो, तेच त्यांनी केलं. ते दुसऱ्यावर ओरडले.

"सटवाजी! तुमच्या बोरांनी माझं पाणी ओढलं!"

सटवाजी शांत होता. "ओढलं आसंल की. न्हाई म्हनत न्हाई."

"न विचारता?"

"सर, तुमचं पाणी कंचं आन माजं कंचं, त्येच्यावर काय नाव लिवलं होतं का? तुमी कुलूप वरून लावलं. खाली सगळं एकच घर हाय, दार ना कडी."

"पण चाळीस पावलांवर बोर पाडायची गरज काय होती?"

यावर केवळाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत टेकत जवळ आली. "गरज काय होती? सर, हीर बंद केलाव तुमी. त्येच्या आदी हितं एक तरी बोर होता का? सा घरं पोहऱ्यानं पीत होती. पोहऱ्यानं हीर आटत न्हाई. तुमी झाकली, म्हनून ह्यानं बोर पाडला. ह्याचं बघून त्यानं पाडला. मोटारी बशिवल्या. दोन सालं शेंदलं सगळ्यांनी. आता तेबी आटले, हेबी आटलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती नुसतं काय झालं ते सांगत होती, आणि तेच सरांना जास्त लागलं. ती रागावली असती तर त्यांना उलट चार शब्द बोलता आले असते.

"माझा बोर तर नुसता फुफाटा ओकलालाय," सटवाजी म्हणाला. "साडेचारशे फूट गेलो."

सात शिष्य गुरूकडं बघत होते. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि धुरळा उडवत टँकर आला. सरकारी, एक दिवसाआड येणारा. बाया उठल्या. ड्रायव्हरनं अजून ब्रेकही लावला नव्हता, तोवर वस्तीतून आणखी पंधरा-वीस माणसं धावत आली आणि पाइपाभोवती झोंबाझोंबी सुरू झाली. कुणाचा हंडा चेपला, कुणाचा पदर ओढला गेला. अर्धं पाणी मातीत. केवळाबाई गर्दीच्या कडेला घागर धरून उभी होती. तिला आत शिरता येत नव्हतं आणि हे नेहमीचंच असावं, कारण ती शिरायला बघतही नव्हती.

ड्रायव्हर वैतागून खाली उतरला. "आरं, दुसऱ्या गावांत मी हिरीत पाणी सोडतो. मग ज्यानं त्यानं निवांत शेंदायचं. हितं एवढी मोठी हीर उघडी पडली हाय, हिच्यात सोडू का?"

"मालकाला इचार," कुणीतरी म्हणालं.

सगळी वस्ती सरांकडं बघायला लागली. सातही शिष्य बघायला लागले. सरांना त्या क्षणी मालक हा शब्द इतका जड वाटला, की तो कुणी उचलून नेला तर बरं, असं त्यांना झालं.

"सोडा," ते म्हणाले.

आणि नुसतं म्हणून थांबले असते तर निदान कपडे तरी कोरडे राहिले असते. पण आपणही काहीतरी करावं, म्हणून त्यांनी पुढं होऊन पाइप धरला. टँकरचा पाइप ही धरायची वस्तू असते, पण ती कशी धरायची, हे माणसाला आधी माहीत असावं लागतं. ड्रायव्हरनं चावी फिरवली, पाइप नागासारखा उसळला आणि दयानंद सर डोक्यापासून बुटांपर्यंत न्हाऊन निघाले. चष्मा उडून पत्र्यावर पडला. वस्तीवरची पोरंठोरं, बाया, ड्रायव्हर, सगळे हसले. सटवाजीनं पाइप हातात घेतला आणि नीट आत सोडला. आठ वर्षं राखून ठेवलेल्या विहिरीत पाणी पडलं ते असं, बाहेरून आणलेलं. थोडं गाळानं प्यालं, बाकीचं साठलं. बायांनी पोहरे सोडले.

सिद्रामप्पांनी पायरीवर नारळ फोडला. "आनलाच हाय तर," ते म्हणाले. पेढे वस्तीत वाटले गेले.

जीप परत निघाली. सर ओल्या शर्टात खिडकीशी बसले होते. शिरूर ताजबंदच्या अलीकडं सिद्रामप्पांनी हळूच विचारलं, "सर, मग ह्या रविवारी वर्ग हाय का?"

वर्ग झाला. सरांनी फळ्यावर विषय लिहिला: 'माझी विहीर'. घडलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सागवान आणि इमूही सांगून टाकले. माणसं पोट धरून हसली. सर म्हणतात, की माझ्या वर्गात त्या दिवशी पहिल्यांदा कुणी डुलकी घेतली नाही.

मेच्या शेवटी कॉलेजला सुट्टी होती. सर पुन्हा वस्तीवर गेले. नरसिंग नावाचा विहिरीच्या कामातला जाणकार त्यांनी गाठला होता. नरसिंग अर्धापूरकडचा होता. त्याच्याकडं गाळ वर ओढायची यारी होती आणि सहा माणसांची टोळी. त्यानं खाली उतरून भिंतीला हात लावत एक फेरी मारली आणि वर आला.

"पाणी लागेल का?" सरांनी विचारलं.

"लागंल की. झरे मेले न्हाईत, बुजलेत. वापरती हीर असती तर पोहऱ्याबरोबर गाळ हाललाच असता. तुमी बसू दिला, तो बसला." मग सरांकडं बघून म्हणाला, "पण झरा मोकळा करून काय उपेग? बाजूचे बोर पुन्यांदा खोल गेले, तर ही पुन्यांदा आटनार. ते आधी बोलून घ्या."

म्हणून लिंबाखाली बैठक झाली. पत्रा काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही, हे सरांनी कबूल केलं. सटवाजी आणि बाकीच्या तिघांनी बोर आणखी खोल न न्यायचं कबूल केलं. पाऊस पडला तरी त्या बोरांवर भाजीपाला करायचा, ऊस लावायचा नाही, असंही ठरलं. यावर अर्धा तास भांडण झालं. सटवाजी ऊस म्हटलं की हळवा होई. शेवटी केवळाबाई म्हणाली, "ऊस लाव बाबा, आन मग त्योच चघळून तहान भागव," तेव्हा तो कबूल झाला. काढलेला पत्रा तिच्या शेळ्यांच्या गोठ्यावर गेला.

काम सात दिवस चाललं. सरांनी हट्ट धरला की मी पण खाली उतरणार. यारीच्या पाळण्यात बसवून त्यांना सोडलं, तर पाळणा गरगर फिरला आणि सर खाली पोचेपर्यंत त्यांना पूर्व-पश्चिम कळेनाशी झाली. त्यांनी बारा घमेली गाळ भरला. तेराव्याला कंबर धरली. नरसिंगच्या माणसांनी त्यांना पुन्हा पाळण्यात घातलं. नरसिंग म्हणाला, "सर, तुमी वर बसून हजेरी घ्या. तुमाला सवय हाय."

सातव्या दिवशी दुपारी खालून हाक आली. पश्चिमेच्या अंगाला, दोन दगडांच्या सांध्यात, भिंत ओली झाली होती. नरसिंगनं सांध्यात पहार घालून थोडा मुरूम मोकळा केला. आधी चिखल आला, मग करंगळीएवढी धार. बारीक, पण तुटेना. वर काठावर सगळी वस्ती वाकली होती. सर उगाच हजेरीची वही चाळत राहिले.

पहिली घागर भरून वर आली, ती केवळाबाईपुढं ठेवली. तिनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, खळखळवलं आणि बाजूला थुंकून टाकलं.

"गाळ लागतोय. आठ दिस उपसा."

जूनमध्ये पाऊस वेळेवर आला आणि विहीर परसभर भरली. त्याच महिन्यात सर तलाठ्याकडं गेले. सातबाऱ्यावर इतर हक्कांत वस्तीच्या सहा घरांचा पिण्याच्या पाण्याचा हक्क लावायचा होता. तलाठ्यानं अर्ज दोनदा वाचला.

"सर, लोक अशी नावं कमी करायला येतात. तुम्ही वाढवायला आलात."

"हो."

"अशी नोंद लागली की ही जमीन पुढं कुणी घेणार नाही. भाव पडेल."

"पडू द्या. पडायची तिला सवय आहे, मालकाचीच लागली."

कामाला चार खेटे पडले. करारनामा, संमती, सहा जणांचे अंगठे आणि सह्या. चौथ्या खेपेला नोंद लागली. ओसरीवर सिद्रामप्पांनी सरळ विचारलं, की यात तुम्हाला मिळालं काय? सरांनी खूप विचार केला. "आप्पा, हिशेबात काही बसत नाही," ते म्हणाले. "पण तिकडं गेलो की लोक मला आता चहा देतात." सिद्रामप्पांनी मान डोलावली. आठ वर्षांत पहिल्यांदाच सरांचं उत्तर त्यांना पटलेलं दिसलं.

दिवाळीच्या सुट्टीत शिल्पाताई म्हणाल्या, या वेळी मी पण येते. ज्या विहिरीपायी ओटा राहिला, ती त्यांनी अजून बघितली नव्हती. दोघं आदल्या संध्याकाळी जाऊन केवळाबाईकडंच मुक्कामाला राहिले. सकाळी उजाडल्यावर शिल्पाताई घागर घेऊन बायांबरोबर निघाल्या. सरही टॉवेल खांद्यावर टाकून मागं निघाले, तशी केवळाबाई वळली.

"तुमी कुठं निघालाव?"

"विहिरीवर. बघतो जरा पाणी."

"सकाळच्याला बाया धुनं धुतेत, अंगुळी करतेत. गडीमानसानं नऊच्या आत यायचं न्हाई. ठरलंय आमचं."

"मावशी, अहो, विहीर माझी…" सर बोलायला गेले आणि अर्ध्यातच थांबले.

शिल्पाताई पदराआड हसत पुढं गेल्या. लांबून रहाटाचा कुरकुर आवाज आला. मग बायांचा मोठा हशा आला, बहुतेक शहरातल्या बाईला पोहरा धरता येत नव्हता म्हणून. मग शिल्पाताईंचाही आवाज त्यात मिसळला. सरांनी असा मोकळा आवाज घरात बरेच दिवस ऐकला नव्हता. ते परत फिरले, केवळाबाईच्या अंगणातल्या बाजेवर आडवे झाले आणि नऊ वाजायची वाट बघत बघत त्यांचा डोळा लागला.